धुराड्याचा काटा

(पलूसजवळचं एक गाव. माघातली सकाळ. परसदारी तांब्याचा बंब, त्याची तोटी भिंतीतून पलीकडच्या न्हाणीत गेलेली. भिंतीला वर एक झरोका.)

बाळासो : आरं, एवढं काय टक लावून बघतोस त्या काट्याकडं? दाखवायला आणलेली पोरगी हाय व्हय ती?

मानसिंग : गप. एकशे वीस.

बाळासो : लाजतीया अजून.

मानसिंग : एकशे पंचवीस. लाकडाला हात लावू नगंस, बाळासो. आधीचं पेटू दे नीट.

बाळासो : तुझं पेटंल निवांत. तिकडं न्हाणीत तुझी ईनबाई गारठून काकडी झाली आसंल.

मानसिंग : हळू बोल की! वर झरोका हाय.

रंगूबाई : ऐकलं मी. काकडी कवाच झाली. आता दात वाजायला लागल्यात. पाव्हणं, आंघुळीला पाणी मागितलं हुतं, यज्ञ मांडा म्हटलं न्हवतं.

मानसिंग : आलंच, ईनबाई. पाच मिंटं. धुराडं दीडशेच्या वर गेलं की पाणी सोडतो.

रंगूबाई : धुराडं? मी पाण्यानं न्हाणार हाय का धुरानं?

बाळासो : मी बी रोज हेच इचारतोय ह्येला. नमस्कार, ईनबाई. मी बाळासो, शेजारचा.

रंगूबाई : न्हाणीत बसलेल्या बाईला नमस्कार घालायची रीत हाय व्हय तुमच्या गावात?

बाळासो : चुकलं. भिंतीला घातला म्हणा.

मानसिंग : त्याचं आसं हाय, ईनबाई. आमचा प्रशांत शिरवळला कंपनीत बॉयलरवर हाय, तुमाला ठावंच हाय. त्यानं दिवाळीला येऊन हे काट्याचं मीटर बसवून दिलं. बंबाच्या वरच्या नळकांड्याला भोक पाडलं आन् दांडी आत सोडली. धुराड्यातनं जाणारा धूर किती तापलाय ते काटा सांगतो. दीडशेच्या खाली ऱ्हायला तर जाळ नुसता धुमसतोय, आतनं काजळी धरतीया. अडीचशेच्या वर गेला तर सगळी ऊब आभाळात चालली. दोनशेच्या आसपास धरायचा. मग ऊब पाण्याला मिळती.

रंगूबाई : आन् पाणी किती तापलंय ते कोण सांगतंय?

मानसिंग : ते... ते काट्यावरनं अंदाज येतो.

बाळासो : ते मी सांगतो! गेला आठवडाभर ह्यो फौजी रोज मला न्हायला घालतोय. तालीम चाललीया तालीम. एक दिस गार, एक दिस कढत. परवा तर कोंबडी सोलायच्या पाण्यानं न्हालो. घरी गेलो तर बायको म्हणती, आवं, लग्नात बी एवढं गोरं दिसत न्हवता.

रंगूबाई : आग्गं बाई!

मानसिंग : त्येचं ऐकू नगा. परवा माझी जरा नजर चुकली. काल एकदम ओके हुतं.

बाळासो : काल मी आलोच न्हवतो.

मानसिंग : म्हणून तर ओके हुतं.

रंगूबाई : पाव्हणं, हसण्यावारी नेऊ नगा. मी हितं पुरणपोळी खायला आले न्हाई. माझ्या सुनेला, तुमच्या शिवांजलीला, सातवा सरत आला. पयलं बाळंतपण म्हायारात, ही रीत मला बी मान्य हाय. खरं म्हायार म्हंजे आई. शालूबाई असत्या तर मी तिकडं कवठ्यात बसून हो म्हटलं असतं. आता त्या न्हाईत. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. दवाखान्यातनं आल्यावर बाळंतिणीला सव्वा महिना दोन टायमाला ऊन पाणी लागतं. बाळाला येगळं. ते कोण देणार?

मानसिंग : मी देणार.

रंगूबाई : लेप कोण लावणार? मालिश?

मानसिंग : बाळाबाईला सांगून ठेवलंय. गावातल्या अर्ध्या पोरांची अंगं तिनं चोळल्यात. डिंकाचं, अळिवाचं ह्या बाळासोची बायको बघणार हाय. पर पाणी मी तापवणार. ते काम कुणाला देणार न्हाई.

रंगूबाई : म्हणून तर येऊन न्हाणीत बसलीया. बोलून काय हुतंय? द्या पाणी. मनासारखं न्हालं, तर पोर तुमच्याकडं. न्हाई तर मी तिला माझ्यापाशी ठेवती. मग रुसायचं न्हाई.

मानसिंग : न्हाई रुसणार.

बाळासो : म्हंजे हे पेपर तपासायलाच आलंय की! फौजी, आता काट्याचं काय?

मानसिंग : एकशे साठ. चढतोय. मी बोअरचं पाणी भरून आणतो. तू हितं ड्यूटीवर थांब. नुसतं बघायचं. काय घालायचं न्हाई, काय काढायचं न्हाई.

बाळासो : माझ्यावर भरवसा न्हाई तुझा?

मानसिंग : न्हाई.

बाळासो : बरं, जा. ... ईनबाई, गेला बरं का फौजी. तुमचं दात वाजत्यात ते मला हितवर ऐकू येतंय, लय वंगाळ वाटतंय. हितं माझ्या फडातल्या पाचटाची पेंढी पडलीया. ऊस तुटून गेला, पाचट वाळून खडखडीत झालंय. काटा कसा पळवतो बघा.

रंगूबाई : पाचट? आवं, पाचटाचा जाळ म्हंजे जावयाचा राग. भडकला म्हणस्तोवर इझला.

बाळासो : तुमी ऐका तर! घातलं! ... एकशे नव्वद. दोनशे! आयला, सव्वादोनशे! फौजी, ये पळत! अडीचशे!

मानसिंग : काय केलंस रं?

बाळासो : बघ, बघ, बघ! शर्यतीचं बैल आसं पळत न्हाई! दोनशे नव्वद! तीनशे! आरं, तीनशे पार!

मानसिंग : बाळासो, हे पाचट कुणी घातलं? प्रशांतनं सांगितलंय, अडीचशेच्या वर नगं.

बाळासो : आरं, पोरगं आपलं भिऊन सांगतंय. ज्यास्त ते चांगलंच की! ऊस एकराला ज्यास्त पडला म्हणून कुणी रडतं व्हय?

मानसिंग : ते बी खरं म्हणा... तीनशे वीस. तीनशे तीस! आयुष्यात एवढा बघितला न्हवता. ईनबाई! तयार ऱ्हावा! तीनशे चाळीस हाय!

रंगूबाई : तीनशे? मला शिजवताय का काय?

मानसिंग : बादली तोटीखाली सरकवा आन् तुमी मागं ऱ्हावा! मी हितनं नरसाळ्यात गार पाणी ओतणार. जेवढं गार आत जाईल तेवढंच ऊन तुमच्याकडं पडंल. लांब ऱ्हावा, अंगावर उडंल!

बाळासो : पदर सांभाळा!

रंगूबाई : न्हाणीत पदर कसला सांभाळा? ओता तुमी!

मानसिंग : ओततोय! तीनशे पन्नास! फायर!

बाळासो : आलं का? ईनबाई, आलं का?

रंगूबाई : आलं.

मानसिंग : वाफ दिसतीया का?

रंगूबाई : माझ्या तोंडातली दिसतीया.

मानसिंग : म्हंजे?

रंगूबाई : म्हंजे, पाव्हणं, आमच्या कवठ्याला चैतात रांजणातलं पाणी ह्याच्यापरीस ऊन असतंय. नुसता गारठा मोडल्याला हाय.

बाळासो : काय सांगताय! साडेतीनशेचं पाणी!

रंगूबाई : साडेतीनशे तुमच्या धुराड्याला. हितं बादलीत बोट घातलं तर बोट इचारतंय, उन्हाळा कवा?

मानसिंग : झालं. झालं वाटोळं. बाळासो, तुला काय सांगितलं हुतं? सगळी ऊब वर गेली. आभाळ तापवलंस तू! पाणी तसंच ऱ्हायलं.

बाळासो : तू बी ‘फायर’ म्हणालास की! मी एकट्यानं तापवलं व्हय आभाळ?

मानसिंग : काटा बघ आता. दोनशे सत्तर. अडीचशे. उतरतोय धडाधड.

रंगूबाई : गेला व्हय जावयाचा राग?

बाळासो : गेला, ईनबाई. जावय ताटावर येऊन बसला.

रंगूबाई : हसू नगा. आवं, मला बी हसू येतंय, आन् हसलं की आणखी थंडी वाजतीया.

मानसिंग : ईनबाई, एक डाव माफी. पुन्ना करतो. आता माझ्या हातानं. बाळासो, मागं सरक. तिकडं. अजून मागं. त्या जांभळीपाशी.

बाळासो : जांभळीपाशी? मला गावाबाहेरच घाल की!

मानसिंग : बाभळीचं हे जाडं दोन घालतो. आन् धुराड्यातलं झाकण जरा ओढून घेतो, म्हंजे ऊब लगेच वर पळणार न्हाई.

बाळासो : लय ओढलंस.

मानसिंग : बरोबर हाय.

बाळासो : फौजी, धूर माघारी यायला लागला. खालच्या दारातनं येतोय बघ.

मानसिंग : येऊ दे थोडा.

बाळासो : थोडा? माझी जांभळ दिसंना झालीया मला!

रंगूबाई : पाव्हणं! आवं, पाव्हणं! झरोक्यातनं धूर आत आला! न्हायला घालताय का डास घालवताय?

मानसिंग : झाकण... झाकणाचा दांडा कुठं गेला? डोळ्यांनी दिसंना.

बाळासो : तुझ्या हातात हाय!

मानसिंग : हां. उघडलं. उघडलं, ईनबाई! आता जाईल.

रंगूबाई : खोक... खोक... मी गावाकडनं निघतानी सून म्हणाली, आत्ती, माझ्या आबांकडं जावा, तुमाला लय आराम मिळंल. खोक... हाच आराम व्हय तो?

बाळासो : हसताय का खोकताय, ईनबाई?

रंगूबाई : दोन्ही!

बाळासो : फौजी, तुझं तोंड बघ. हुताशनीच्या सोंगावाणी झालंय. मिशीवर काजळी, कपाळावर काजळी. सलाम ठोकू का?

मानसिंग : ठोक, आन् पाणी भरून आण. दोन घागरी. पळत.

बाळासो : येस साब!

रंगूबाई : गेलं काय ते?

मानसिंग : गेला. आता शांतता. एकशे ऐंशी. ईनबाई, हा काटा हितंच धरतो. जाड लाकूड हाय, सावकाश जळंल. तुमी चादर गुंडाळून बसा जरा.

रंगूबाई : बसलीया. पाव्हणं, एक इचारू? शालूबाईंनी कसला काटा ठेवला हुता?

मानसिंग : तिला लागत न्हवता. परसात भांडी घासता घासता हाक मारायची, या, झालं पाणी. कसं कळायचं तिला, मी कवा इचारलं न्हाई. न्हाणीत गेलं की पाणी ऊनच असायचं. मला वाटायचं, बंबाला तशी सवयच हाय.

रंगूबाई : शिवांजलीच्या लग्नात आमचं सगळं वऱ्हाड ह्याच बंबावर न्हालं. बायामाणसं, पोरंटोरं. शेवटल्या माणसाला बी पाणी कमी पडलं न्हाई. आमच्या सासूबाई कुणाला नाव ठेवायच्या राहत न्हाईत, त्या बी म्हणाल्या, ह्या घरात पोरीला पाण्याचं वळण हाय.

मानसिंग : म्हणाल्या व्हय?

रंगूबाई : म्हणाल्या. तुमचा तो काटा काय म्हणतोय?

मानसिंग : एकशे नव्वद. हलत न्हाई. एकशे पंच्याण्णव. ईनबाई, बंब गुणगुणायला लागला.

रंगूबाई : हितं भिंतीतनं बी ऐकू येतंय. बारीक.

बाळासो : आल्या घागरी! काय झालं? दोघं गप का? काटा मेला का काय?

मानसिंग : दोनशे.

बाळासो : दोनशे? बास? मघाशी साडेतीनशेला नेला हुता मी.

मानसिंग : तू बोलू नगंस. ईनबाई, आता सोडतोय. ह्या खेपेला खरंच मागं ऱ्हावा.

रंगूबाई : मघाशी बी असंच म्हणाला हुता. मी काय हलत न्हाई.

मानसिंग : ओततोय.

रंगूबाई : आई आई आई! पाय! माझा पाय!

मानसिंग : भाजलं का? ईनबाई! भाजलं का?

रंगूबाई : भाजलं न्हाई, उडालं! आवं, कढत हाय! वाफ! न्हाणीत धुकं झालं! मला माझा तांब्या दिसंना!

बाळासो : जिंकलो! फौजी, जिंकलो! हलगी आणू का?

मानसिंग : गप, ईनबाईंना बोलू दे. ईनबाई, इसण घालू का?

रंगूबाई : मी घेते हितलं गार. मघाशी सोडलेलं हाय की बादलीभर. ते कामाला येतंय बघा आता.

बाळासो : बघ! माझं पाचट वाया गेलं न्हाई.

मानसिंग : दोनशे पाच. स्थिती सामान्य. ईनबाई, कसं हाय आता?

रंगूबाई : ...

मानसिंग : ईनबाई?

बाळासो : चक्कर आली का काय धुरानं?

रंगूबाई : आवं, न्हातीया मी! न्हाताना बी रिपोर्ट देऊ का? ... अजून सोडा.

मानसिंग : सोडतो! बाळासो, घागर!

बाळासो : ही घे. ही संपली.

रंगूबाई : अजून हाय का?

मानसिंग : हाय! बाळासो, पळ!

बाळासो : एकट्या बाईला एवढं? आरं, आमच्या म्हशीला बी...

रंगूबाई : ऐकू येतंय मला!

बाळासो : म्हशीला बी एवढं प्रेमानं कुणी न्हाऊ घालत न्हाई, असं म्हणत हुतो.

मानसिंग : दोनशे दहा. एक बारकं लाकूड सारतो. दोनशे पाच. बसला जाग्यावर. बाळासो, बघ कसा बसलाय! मांडी घालून बसल्यावाणी!

बाळासो : तुझं तोंड बी बघ. लेकाच्या नोकरीचा पेढा वाटतानी एवढं खुललं न्हवतं.

रंगूबाई : अजून एक घागर. शेवटली.

बाळासो : मघाची बी शेवटलीच हुती!

रंगूबाई : बाळासो दादा, तुमची बायको पाणी तापवती का रोज?

बाळासो : तापवती की.

रंगूबाई : आन् ती कवा न्हाती?

बाळासो : ती? ... सगळ्यांचं झाल्यावर आसंल.

रंगूबाई : मी बी तशीच. लगीन होऊन कवठ्यात आले तवापासनं सासऱ्यांचं, दिरांचं, पोरांचं पाणी तापवलं. माझी पाळी येईस्तोवर इंगळ इझल्यालं असायचं. उन्हाळ्यात टँकरच्या दिसात तर तांब्या दोन तांब्यांत भागवायचं. भिंतीपलीकडनं कुणी ‘कसं हाय, अजून सोडू का’ म्हणून इचारलं, ते आज पयल्यांदा.

बाळासो : ... थांबा, ईनबाई. अजून दोन घागरी आणतो.

रंगूबाई : बास झालं आता. सालटी निघंल. आले मी कपडे करून.

मानसिंग : बाळासो, काय वाटतंय तुला? पास का?

बाळासो : एवढं पाणी संपवलं त्या बाईनं. नापास कुठल्या तोंडानं करंल?

मानसिंग : पर ते पाचटाचं? आन् धुराचं?

बाळासो : ते सांग बाळासोनं केलं. मला काय, माझी लेक तर कवाच नांदायला गेली.

रंगूबाई : आले बरं का. आग्गं बाई! ही कुठली दोन भुतं?

बाळासो : ह्यो मी, आन् ह्यो तुमचा इवाय. काळा जास्त त्यो इवाय.

मानसिंग : ईनबाई, बोला आता. जे आसंल ते.

रंगूबाई : पाणी चांगलं. बाळंतिणीला असंच लागतंय. मला त्यो काटा बघू द्या जरा. हाच व्हय? एवढुसा? ह्याच्यापायी एवढा गोंधळ? ... आन् आता एकशे नव्वद म्हणतोय.

मानसिंग : व्हय. एकशे नव्वद.

रंगूबाई : म्हंजे अजून एक आंघूळ हुईल. जावा, पाव्हणं, तुमी न्हाऊन या. काजळी गेल्याबिगार तुमच्याशी बोलायचं कसं?

मानसिंग : माझी झाली. पहाटंच झाली.

रंगूबाई : पहाटं? बंब तर आता पेटवला.

मानसिंग : मी आपलं बोअरवर घेतो. फौजेतली सवय.

बाळासो : कसली फौजेतली? वहिनी हुत्या तवर वाफाळत बाहेर यायचा हा न्हाणीतनं. त्या गेल्यापासनं वर्ष झालं, बंब पेटला न्हवता ह्या घरात. गेल्या आठवड्यात पेटवला, त्यो बी मला न्हाऊ घालायला.

मानसिंग : बाळासो.

बाळासो : खोटं बोललो का? माघाच्या थंडीत, घरात बंब असताना, गार पाणी डोक्यावर घेतोस तू. मी बघतोय की.

मानसिंग : एकट्या माणसासाठी कशाला लाकडं जाळायची? लेक येणार म्हणून शिकतोय मी. आपलं काय, दोन तांबं घेतलं की झालं.

रंगूबाई : मग पोर न्हाई येणार.

मानसिंग : ईनबाई! आता तर म्हणाला, पाणी चांगलं हाय!

रंगूबाई : पाणी चांगलं हाय. तुमचं काय? जो माणूस आपल्यापुरता जाळ करत न्हाई, त्यो दुसऱ्यापायी किती दिस करंल?

मानसिंग : लेकीसाठी मी कायबी करीन.

रंगूबाई : कराल. मला ठावं हाय, मरस्तोवर कराल. आन् ती बघत बसंल. बा पहाटं बोअरवर कुडकुडतोय आन् मला वाफेचं पाणी देतोय. ओल्या बाळंतिणीच्या घशाखाली घास उतरंल व्हय? दूध येईल व्हय तिला? तुमी मला सांगा. ती येणार ती आई नसल्याल्या घरात. तेवढं ती सोसंल, तयारी करूनच येईल. त्यात तुमी असं वागलासा तर तिनं कुणाकडं बघायचं?

बाळासो : उठ, फौजी.

मानसिंग : माझा टॉवेल...

बाळासो : दोरीवर हाय. घे. जा. मी ओततो पाणी.

मानसिंग : तू? तू पाचट घालशील.

रंगूबाई : ते घालत न्हाईत. मी हाय काट्यापाशी. जावा तुमी.

मानसिंग : ईनबाई, तुमी पाव्हण्या. तुमी असं जाळापुढं...

रंगूबाई : न्हाणीत बसवून धूर दिलासा तवा न्हवते व्हय मी पाव्हणी? जावा म्हणते ना.

बाळासो : गेला. कडी लावली. ईनबाई, तुमी म्हंजे ह्या फौजीच्या सुभेदाराच्या वर निघाला.

रंगूबाई : एकशे ऐंशी. आवं दादा, खाली यायला लागला! काय घालायचं ह्यात?

बाळासो : त्ये बारकं बाभळीचं. सारा आत. आस्सं.

रंगूबाई : एकशे ऐंशी... एकशे ब्याऐंशी. चढला! आवं, ह्ये तर लय मजेचं हाय! एकशे नव्वद! मी बी माझ्या लेकाला सांगते, मला असला काटा बसवून दे. एकशे पंच्याण्णव!

बाळासो : झालं. आता कवठ्यात बी आभाळ तापणार.

रंगूबाई : दोनशे! पाव्हणं, आहात न्हवं आत? सोडतोय बघा! दादा, ओता!

बाळासो : ओतलं.

रंगूबाई : पडलं का?

बाळासो : फौजी? आरं, पडलं का?

रंगूबाई : ऊन हाय का, पाव्हणं?

मानसिंग : ... हाय.

बाळासो : कढत न्हाई न्हवं?

मानसिंग : न्हाई. बरोबर हाय.

रंगूबाई : अजून सोडू का?

मानसिंग : ... सोडा.

रंगूबाई : थांबा, फोन वाजला माझा. कोण? शिवांजली! बोल गं. ... पाणी? न्हाले मी. न्हाले म्हंजे काय, बोअर आटवला तुमचा. ... व्हय, ठरलं. ओटी भरली की मी सोता आणून सोडते तुला हिकडं. ... अगं, कशाला रडतीस? ... आबा? आबा न्हाणीत हायत. ... न्हाई, गार न्हवं. ऊन. बंबातलं. ... तुझ्या पोटातल्या पोराची आण, ऊन पाण्यानं न्हात्यात. थांब, झरोक्याला धरते फोन. ... ऐकलंस? तांब्या वाजतोय न्हवं?

बाळासो : हाक मारू का त्येला? लेकीसंगं बोलंल.

रंगूबाई : नगं, दादा. न्हाऊ दे त्येस्नी.